स्पीकरचं बिल दिलंत, गाण्याचं?

दुकानं, जिम, दवाखाने अशा ठिकाणी स्पीकर बसवणं हे माझं काम. मी शिडीवर, मालक खाली उभे, आणि वायर ओढता ओढता माझा प्रश्न ठरलेला: "गाणी कुठून लावणार?" बहुतेक जण खिशातला मोबाईल काढून दाखवतात. ॲपचे पैसे दर महिन्याला भरतो, जाहिराती येत नाहीत, झालं की!

पण तेवढ्यानं भागत नाही. ते ॲप तुम्ही स्वतःला ऐकण्यासाठी घेतलेलं असतं आणि व्यवसायासाठी वापरू नका, असं त्याच्या अटींमध्येच असतं. गिऱ्हाइकांसमोर गाणं लागलं की कायद्याच्या दृष्टीनं ते सार्वजनिक सादरीकरण. विकत घेतलेल्या सीडीचंही तेच. सीडी तुमची, पण चारचौघांत वाजवायचा हक्क तिच्यासोबत येत नाही.

गोंधळ होतो तो पुढे. एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक शब्दांचा आणि चालीचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांचा. दुसरा रेकॉर्डिंगचा, तो बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे. बऱ्याच देशांत दोन्हींची परवानगी लागते. अमेरिकेत मात्र दुकानात सीडी लावली तर संगीतकाराला पैसे मिळतात, रेकॉर्डिंगच्या मालकाला नाही. "जुनी सुरावट आहे, आता कोणाचीच नाही," असं म्हणणारेही भेटतात. सुरावट मोकळी झाली असेलही, पण गेल्या वर्षी कोणीतरी ती नव्यानं वाजवून रेकॉर्ड केली असेल, तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क जिवंत असतो.

हे पैसे मागायची पद्धत काही आजची नाही. 1847 साली पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्त बुर्जे नावाचे गीतकार बसले होते. तिथं त्यांचंच गाणं चाललं होतं. बिल आलं तेव्हा ते म्हणाले, तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही, मग मीही तुमच्या पेयाचे देणार नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्यातूनच 1851 मध्ये सासेम ही गीतकार-संगीतकारांसाठी असे पैसे गोळा करणारी संस्था उभी राहिली. आज देशोदेशी अशा संस्था आहेत. त्या जागेचा आकार, खुर्च्या, व्यवसायाचा प्रकार असं पाहून दर लावतात आणि जमलेले पैसे वाटतात. लायसन्स घेताना एवढं नक्की विचारा: या संस्थेकडे कोणाकोणाची गाणी आहेत? एकाच संस्थेत सगळे असतीलच असं नाही.

माझा जीव अडकतो तो वाटपाच्या टप्प्यावर. कुठे काय वाजलं याची नोंद नसेल, तर पैसे अंदाजानं वाटले जातात, बरेचदा रेडिओवर काय वाजतं ते पाहून. म्हणजे रेडिओवर गाजलेल्यांकडे ओघ जातो आणि फक्त दुकानांत, वेटिंग रूममध्ये वाजणारा माणूस राहून जातो. व्यवसायांसाठीच्या ज्या वेगळ्या संगीतसेवा आहेत, त्यांपैकी अनेकींमध्ये ही नोंद आपोआप होते. म्हणून मी त्यांचा आग्रह धरतो.

माझा एक मित्र बासरीच्या धून तयार करतो. एका दवाखान्यात जुना ॲम्प्लिफायर बदलायला गेलो होतो. नवा जोडून आवाज तपासला, तर वेटिंग रूममध्ये त्याचीच धून. पाच-सहा माणसं बसलेली, एका आजीबाईंची बोटं पिशवीवर ठेका धरत होती. मी त्याला फोन लावला आणि मोबाईल स्पीकरच्या जाळीजवळ धरला. धून संपेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग विचारलं, "रोज लावतात का रे?"

काउंटरवरच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, सकाळ-संध्याकाळ. पेशंटना आवडते." कोणाची आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. पेन ड्राइव्हवर फाइलचं नाव होतं, 'ट्रॅक 7'.