बसायचंच नाही, तर निवडून का द्यायचं?

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या क्लेअर मतदारसंघाची गोष्ट मी कुठेही काढली, की हा प्रश्न येतोच. जो संसदेत बसणार नाही त्याला मत म्हणजे वायाच की! जुने निकाल चाळायची खोड असल्यामुळे उत्तर तयार असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आयर्लंड तेव्हा ब्रिटिश सत्तेखाली होता आणि तिथले खासदार लंडनच्या संसदेत बसत. त्या काळात क्लेअरने हे दोनदा केलं. दुसरी खेप सोपी आहे, आधी ती उरकतो. १८८५मध्ये क्लेअरचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले होते. पूर्व क्लेअरचे खासदार विली रेडमंड जून १९१७मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियमच्या आघाडीवर मारले गेले. पोटनिवडणुकीत उभे राहिले ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या बंडात मृत्युदंडाची शिक्षा होऊन वाचलेले, नुकतेच तुरुंगातून सुटलेले डी व्हॅलेरा. लंडनच्या संसदेत पाऊल टाकायचं नाही, हे त्यांच्या शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाचं धोरणच. ५,०१० विरुद्ध २,०३५. पुढच्या वर्षी ते तिथून बिनविरोध आले, आणि जानेवारी १९१९मध्ये पक्षाने डब्लिनमध्ये स्वतःची संसदच भरवली.

खरी गंमत १८२८ची. क्लेअरचे खासदार व्हेसी फिट्झजेरल्ड मंत्री झाले; तेव्हा मंत्रिपद घेतलं की पुन्हा मतदारांपुढे जावं लागे. माणूस लोकप्रिय, कॅथलिकांना हक्क द्यावेत याच मताचा. समोर उभा ठाकला डॅनियल ओकॉनेल, नामांकित वकील आणि स्वतः कॅथलिक. कॅथलिकाला निवडणूक लढवायची बंदी नव्हती; पण सभागृहात बसण्याआधी घ्यायच्या शपथेत त्याच्याच धर्माचा धिक्कार होता. म्हणजे दार उघडं, उंबरठ्यावर सुरुंग.

मत उघड द्यायचं, चारचौघांत नाव घेऊन. मतदार बहुतेक ४० शिलिंगवाले, म्हणजे वर्षाला तेवढ्या मोलाची जमीन कसणारी कुळं. जमीनदार सांगेल तिकडे मत, हा रिवाज. त्या वर्षी ही कुळं एनिस या क्लेअरच्या मुख्य गावी पाद्र्यांच्या मागे चालत आली आणि जमीनदारांच्या डोळ्यांदेखत ओकॉनेलचं नाव घेतलं. घरादारावरून हुसकलं जाण्याची भीती होतीच. २,०५७ विरुद्ध ९८२.

पंतप्रधान वेलिंग्टन आणि गृहमंत्री पील यांनी यादवीचा धसका घेतला. एप्रिल १८२९मध्ये कॅथलिकांना संसद खुली झाली. मत वाया गेलं नाही, हे माझं उत्तर.

पण इथे थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. त्याच वेळी दुसरा कायदा झाला: आयर्लंडच्या काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, मताधिकाराची अट ४० शिलिंगांवरून (म्हणजे २ पौंडांवरून) १० पौंडांवर, थेट पाचपट. कॅथलिकांना घेता येईल अशी नवी शपथ मागच्या निवडणुकीला लागू नव्हती, आणि जुनी घ्यायला ओकॉनेलने सभागृहातच नकार दिला. त्यामुळे जुलैत क्लेअरला पुन्हा निवडणूक झाली. तो बिनविरोध आला. वर्षभरापूर्वी ज्यांनी त्याला निवडून दिलं, त्या कुळांपैकी बहुतेकांना आता मतच नव्हतं.