घरचा पब्लिक फोल्डर डी ड्राईव्हवर हलवला, पण परमिशनने रडवलं

गेले पंधरा दिवस आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरात एकच कटकट, कॉम्प्युटर चालू केला की कोपऱ्यात लो डिस्क स्पेस. दादाने मागे १२० जीबीची एसएसडी टाकली होती, तीच आमचा सी ड्राईव्ह, विंडोज तिला १११ जीबीच दाखवतं (डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, म्हणून हा फरक), त्यातले उरले होते दीड जीबी. आणि शेजारीच जुन्या पीसीतून काढलेली १ टीबीची हार्डडिस्क, म्हणजे डी ड्राईव्ह, जवळजवळ रिकामी पडलेली.

आमच्याकडे एका मशीनवर तीन अकाउंट आहेत, माझं ॲडमिन, दादा-वहिनीचं एक आणि आईचं एक. जे सगळ्यांना लागतं ते पब्लिक फोल्डरमध्ये. एक्सपीत याला शेअर्ड डॉक्युमेंट्स म्हणायचे, व्हिस्टापासून तो सी मधल्या यूजर्सच्या आत पब्लिक नावाने असतो. आमच्या पब्लिकमध्ये २०१५ च्या कुंभातले रामकुंडावरचे फोटो, रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उड्या मारतानाचे व्हिडिओ, काकांच्या निफाडच्या बागेचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन आणि वहिनीच्या क्लासच्या प्रश्नपत्रिका, सगळं मिळून ४६ जीबी. हे डी वर गेलं की सी मोकळा, इतका साधा हिशोब होता.

एक गोष्ट आधीच सांगतो, अख्खा यूजर्स फोल्डर किंवा प्रोग्रामडेटा (प्रोग्राम आपली माहिती ठेवतात तो फोल्डर) उचलून दुसऱ्या ड्राईव्हवर नेण्याचे उपाय सापडतात, ते करू नका. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की याला सपोर्ट नाही, पुढे विंडोजचं मोठं अपग्रेड अडकू शकतं. पब्लिकच्या आतले डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओ एवढेच हलवायचे.

माझी चूक झाली ती जागा निवडताना. जुन्या डिस्कवर माझ्या जुन्या अकाउंटचा फोल्डर तसाच होता, म्हटलं त्यातच ठेवू. उघडताना विंडोजने परमिशन नाही म्हणून विचारलं, मी कंटिन्यू दाबलं, उघडला, सगळं कॉपी केलं, माझ्या अकाउंटवरून एकदम मस्त चालत होतं. संध्याकाळी वहिनी पेपर काढायला बसली तर ॲक्सेस डिनाइड. उद्या सकाळी साडेसातला मुलं येणार आणि पेपर उघडत नाही, ती काही बोलली नाही पण मला फार वाईट वाटलं. सी वरचं मूळ मी अजून डिलीट केलं नव्हतं म्हणून तेवढ्यापुरतं भागलं.

रात्री प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब उघडला तेव्हा कळलं. तिथे अकाउंट अननोन म्हणून एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक नंबर, म्हणजे जुन्या पीसीतला मी, त्याखाली सिस्टिम, ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि त्या कंटिन्यूमुळे आत्ताचा मी. वहिनी नाही, आई नाही. फाईल एका ड्राईव्हवरून दुसऱ्यावर गेली की ती जुन्या जागेचे हक्क सोबत नेत नाही, जिथे जाऊन पडते त्या फोल्डरचे घेते. घरातल्या सगळ्यांच्या फाईल मी नकळत माझ्या एकट्याच्या खोलीत नेऊन ठेवल्या होत्या.

मग सगळं नव्याने केलं. फाईल थेट डी च्या रूटमध्ये (सगळ्यात वरच्या पातळीवर) सुट्या नाही टाकल्या, तिथे एक कोरा फोल्डर बनवला, सिक्युरिटीत एडिट, ॲड करून यूजर्स ग्रुपला (म्हणजे घरातल्या सगळ्या अकाउंटना) मॉडिफाय, म्हणजे बदल करायचा हक्क दिला, आणि फाईल त्यानंतर आणल्या, रोबोकॉपी या विंडोजमधल्याच कॉपीच्या कमांडने. माऊसने ओढायला हरकत नाही पण आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, रोबोकॉपी मध्येच थांबली तर तीच कमांड परत द्यायची, झालेल्या फाईल सोडून ती उरलेल्याच घेते. फक्त आर १ आणि डब्ल्यू १ हे स्विच लावा, नाहीतर एखादी फाईल अडली की ती दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करत बसते, आणि एक्सजे पण लावा कारण पब्लिक डॉक्युमेंट्समध्ये माय म्युझिक वगैरे लपलेले जंक्शन (दुसऱ्या फोल्डरकडे वळवणाऱ्या वाटा) असतात, त्यांच्या मागे जायची गरज नाही.

त्यानंतर विंडोजला नवा पत्ता द्यायचा. रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात तिथे, यूजर शेल फोल्डर्स ही फोल्डरांच्या पत्त्यांची नोंद दोन ठिकाणी आहे, करंट यूजरखालचा फक्त आपल्यापुरता आणि लोकल मशीनखालचा सगळ्यांचा, आपल्याला दुसरा हवा. बदलण्याआधी ती एक्सपोर्ट करून तिची कॉपी ठेवा. तिथे कॉमन डॉक्युमेंट्समध्ये स्पेस आहे, कॉमनपिक्चर्समध्ये नाही, शोधताना यातच माझी दहा मिनिटं गेली. पिक्चर्स आणि व्हिडिओचे पत्ते बदलले, रीस्टार्ट केलं. डॉक्युमेंट्सचं मात्र वेगळं, आमच्या जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर सी चाच पत्ता धरून बसलंय, म्हणून तिथे जुन्या फोल्डरचं नाव बदललं आणि एमकेलिंक जे या कमांडने त्याच जागी जंक्शन टाकलं, स्कॅनरला वाटतं सी वरच लिहितोय, फाईल जाते डी वर. डिस्क आतली आणि एनटीएफएस फॉरमॅटची असावी, यूएसबीची नको, तिचं अक्षर बदललं की सगळे पत्ते चुकतात.

या वेळी माझ्या अकाउंटवरून तपासलंच नाही. आईच्या अकाउंटवरून रहाडीचा व्हिडिओ लावला, वहिनीला म्हटलं एक पेपर उघड, एक शब्द बदल आणि सेव्ह कर. झाला सेव्ह. सी वरचं जुनं अजून तसंच ठेवलंय, आठवडाभर तिघांनी वापरून बघू दे, मग रविवारी आधी काकांच्या एक्स्टर्नलवर एक कॉपी काढणार आणि मगच ते डिलीट करणार.