डाव्या पायाचं शिक्षण

डाव्या पायाला आयुष्यात कुणी काही शिकवत नाही. माप ओलांडायचा मान उजव्याचा, देवळाची पहिली पायरी उजव्याची. स्कूटर थांबली की डाव्यानं जमिनीला टेकायचं, बास. आणि मग चाळिशी उलटल्यावर एके दिवशी त्याच्यासमोर क्लच येतो, आणि गाडीतलं सगळ्यात नाजूक काम नेमकं या अडाण्याच्या गळ्यात पडतं.

आमच्या ग्वाल्हेरात गाडी शिकायची तर मेळ्याच्या मैदानावर जायचं. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला हा मेळा थंडीत भरतो. हल्ली त्यातला मोठा सोहळा म्हणजे गाड्यांची खरेदी. मेळ्यात घेतलेल्या गाडीवर सरकार रोड टॅक्समध्ये निम्मी सूट देतं, त्यामुळे दसऱ्याला गाडी घ्यायचं मनात असलेली माणसंसुद्धा मेळ्यापर्यंत कळ काढतात. मेळा उठला की दुकानांच्या रांगा ओस पडतात, मधले रस्ते मोकळे होतात आणि ज्यांनी तिथून गाड्या नेल्या त्यातलीच बरीच मंडळी त्या चालवायला शिकायला पुन्हा तिथे हजर होतात. सकाळी सहाला जा, आचके देत चाललेल्या तीनचार गाड्या हमखास दिसतील. एकमेकांकडे बघायचं नाही हा तिथला शिष्टाचार.

मला शिकवणारा मुलगा माझ्या लेकाच्या वयाचा होता. त्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते, पण तो पाय मागे घेऊन निवांत बसायचा. "आधा क्लच, भाभीजी, आधा! पैर को मत देखिए, इंजन की सुनिए." घरचे सगळे मात्र एकच मंत्र द्यायचे: हळूहळू सोड. माझ्या मते हा सल्ला अर्धवट आहे. क्लच वर येताना सुरुवातीला काहीच घडत नसतं. तिथे हळूहळू करत बसलं तर मागचा हॉर्न वाजवून जीव खातो. मग अचानक एक बोटभर जागा येते आणि जे काही व्हायचं ते सगळं तिथेच होतं. म्हणजे तिथपर्यंत बिनधास्त यायचं, तिथे थबकायचं, गाडी हलू द्यायची आणि मगच उरलेला पाय उचलायचा.

ती जागा सापडते कशी, तर आधी कानाला. दूध उतू जायच्या आधी भांड्याचा आवाज जसा क्षणभर बदलतो, तसा इंजिनाचा सूर किंचित खाली बसतो. स्टीअरिंगला बारीक थरथर येते, बॉनेट जरासं नाक वर करतं. आत घडतं ते असं: उभ्या गाडीतही इंजिन मिनिटाला सातआठशे फेरे मारत असतं, चाकं मात्र ठप्प. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील फिरतंय, त्याच्यासमोर क्लच प्लेट उभी आहे, आणि प्रेशर प्लेटची स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर दाबायला टपलेली आहे. आपण पेडल दाबतो ते त्या स्प्रिंगला मागे ओढायला. पाय झटकन उचलला की फिरतं आणि थांबलेलं एकदम एकमेकांना घट्ट धरतात. पेट्रोलचं इंजिन फार मंद फिरूच शकत नाही, ते सरळ जीव सोडतं. अर्ध्या क्लचवर मात्र प्लेट घसरत घसरत पकडते, आणि तेवढ्या अवधीत चाकांना वेग येतो. ही घसरण प्लेटच्या अस्तराच्या खर्चानं होते, हेही खरं. करपल्यासारखा वास आला की समजायचं, मेकॅनिकचा फायदा होतोय.

आमचे काका, म्हणजे माझे चुलतसासरे, फियाटच्या काळातले. स्टीअरिंगखालच्या दांड्यानं गिअर टाकलेले. तेव्हाच्या कित्येक गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरच्या दातांचा वेग आपोआप जुळवणारं यंत्र, नसायचं. कॅडिलॅकनं ते १९२८ सालीच आणलं होतं, पण आपल्याकडच्या पहिल्या गिअरपर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागला. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिन रेज करून दातांचा वेग जुळवावा लागे. काका हे अजून अभिमानानं सांगतात, आणि ते योग्यच आहे. मात्र उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची त्यांची सवय मला अजिबात मान्य नाही. इंजिनाला पेट्रोल पुरवायला जुने कार्ब्युरेटर होते तेव्हा त्यात काही अर्थ असेल. आताच्या, इंधन मोजून फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच करतात, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जाळतात. शिवाय इंजिनाचा आवर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि किल्ल्यावरून उतरताना गाडी न्यूट्रल केली.

किल्ल्याचं निघालंच आहे तर उरवाईबद्दल सांगायला हवं. गाडीनं किल्ल्यावर जायचं तर उरवाई दरवाज्याच्या बाजूनं. रस्ता चिंचोळा, चढ उभा, आणि कड्यावर तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती. गुरुद्वाऱ्याला जाणाऱ्यांची गर्दी असली की मध्येच थांबावं लागतं. तिथे हँडब्रेक ओढायचा, पहिला टाकायचा, क्लच त्या बोटभर जागेपर्यंत आणायचा. बॉनेटनं नाक वर केलं की थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि हँडब्रेक सोडायचा. गाडी इंचभरसुद्धा मागे येत नाही. पहिल्यांदा हे साधलं तेव्हा दगडातले तीर्थंकर शांतच होते. मागच्या टॅक्सीवाल्याला मात्र माझ्या कौशल्याचं काहीही कौतुक नव्हतं.

हे सगळं आता फार दिवसांचं सोबती नाही, याची मला कल्पना आहे. २०१४ साली मारुतीनं सेलेरिओत स्वतः क्लच दाबणारी, स्वतः गिअर बदलणारी यंत्रणा स्वस्तात दिली. विजेच्या गाडीला तर क्लचची गरजच नाही, कारण मोटर उभ्या जागेवरूनही पूर्ण जोर लावते. याचा पुरावा आमच्या जयविलास महालात आहे. त्याच माधवरावांची चांदीची आगगाडी जेवणाच्या टेबलावरून पाहुण्यांपुढे मद्य घेऊन फिरायची. बाटली उचलली की थांबायची, परत ठेवली की निघायची. विजेवरची ना ती! ना आचका, ना करपल्याचा वास.

पुण्याचा माझा भाचा याच नव्या पिढीतला. गाडी ऑटोमॅटिक, लायसन्सही तीच चालवून काढलेलं. दुचाकीला आपला कायदा 'गिअरची' आणि 'बिनगिअरची' असं वेगळं लायसन्स देतो, मोटारीला मात्र असा भेद नाही. त्यामुळे लग्नाला आला तेव्हा तो कायदेशीर हक्कानं आमच्या गाडीत बसला, आणि ती आमच्याच फाटकात पुन्हा पुन्हा बंद पाडून खाली उतरला.

"मामी, गाडी जे स्वतः करू शकते ते मी कशाला करायचं?"

मला यावर पटकन उत्तर सुचलं नाही. काका मात्र ओट्यावरूनच बोलले, "थंडीत बॅटरी बसली ना बाळा, की ही गाडी दोघांनी ढकलायची, दुसऱ्या गिअरला क्लच सोडायचा, लागलीच चालू. तुझी ढकलून दाखव."