आमची वाटचाल: निळ्या पिना, धुरकट मणी आणि एक भागीदार

आधीच सांगतो, आम्ही काचेचे मणी बनवत नाही. मणी बनवणाऱ्यांचं स्टेनलेस स्टील साफ करून देतो. टॉर्चच्या ज्वाळेवर काच वितळवून सळईभोवती मणी करणाऱ्यांना जास्त सांगायला नको, मणी उतरला की सळईचं काय झालेलं असतं ते. ज्वाळेपासून लांब गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा, आणि जिथं सगळ्यात जास्त आच लागली तिथं राखाडी काळं. लोक म्हणतात स्टील जळलं, पण जळत बिळत काही नाही, वरचा क्रोमियमचा ऑक्साइडचा थर जाड होतो आणि जाडीप्रमाणे रंग दिसतो, पाण्यावर तेल पसरल्यावर दिसतात तसा.

आता धंद्याचं नुकसान करून एक खरं सांगतो. मणी ओढून काढायच्या साध्या सळईला हा रंग असला तरी काही बिघडत नाही. जुना रिलीज, म्हणजे मणी सळईला चिकटू नये म्हणून लावलेला लेप, ओल्या घासणीने काढा (ओल्याच, ती कोरडी धूळ छातीत जायला नको) आणि परत वापरा. उलट आरशासारखी चकचकीत केलीत तर रिलीज धरत नाही, पापुद्रे निघतात, मग मणी काम चालू असतानाच फिरायला लागतो. तिथं आम्हाला पैसे देऊ नका.

आमचं काम ते, ज्यात काच स्टीलवरच राहते. टोकाला काचेचा गोळा असलेल्या पिना, हूक, असला माल. गोळ्याखालची मान निळीकाळी होते आणि माल डागाळलेला दिसतो.

धंदा दोघांनी काढला. भागीदार वेल्डिंगच्या शॉपमधून आलेला, मी बफिंगवाला, म्हणजे धातू घासून चकचकीत करणारा. एक बफ मोटर, दोन टब, नायलॉनच्या घासण्या, आणि ताई. ताई म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक, एकटीच टॉर्चवर बसून पिना करायची, दर महिन्याला डबा घेऊन यायची आणि एकेक पीन उजेडात धरून बघून मगच न्यायची. चूक सापडली तर बोलायची नाही, ती पीन फक्त बाजूला ठेवायची. त्या बाजूला ठेवलेल्या पिनांवरूनच मी शिकलो. लोखंडी तारेची घासणी वापरायची नाही हे त्यातलंच, तिचे कण स्टीलमध्ये रुततात आणि आठवड्याने पिनेवर गंजाचे ठिपके येतात आणि लोक म्हणतात तुमचं स्टेनलेस डुप्लिकेट आहे.

मग ऑर्डर वाढली. एका मोठ्या दुकानाच्या 300 पिना आल्या आणि त्याच आठवड्यात ताईच्या 40. हाताने मान घासून बोटं सोलायची वेळ आली. भागीदार म्हणाला, अरे आम्ही वेल्डवर पिकलिंग पेस्ट लावतो, डाग काढायची ॲसिडची पेस्ट, लाव, थांब, धू, रंग गेला. मी विचारलं काचेचं काय, तो म्हणाला काचेला काय होतंय, ॲसिड काचेच्याच बाटलीत ठेवतात की. मला पटलं. माझी चूक इथंच, मी ते लपवत नाही. पण पेस्ट आणली त्याने, लावली त्याने, आणि पुढे जगाला सांगितलं की मी लावली.

त्या पेस्टमध्ये नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक असतं, आणि काच खाणारं ॲसिड म्हणजे तेच, म्हणून तर ते काचेच्या बाटलीत नाही, प्लास्टिकच्या डब्यात येतं. डबा आमच्या डोळ्यासमोर होता!! स्टील धुतल्यावर पांढरंशुभ्र निघालं, आम्ही खूष. सुकल्यावर बघतो तर प्रत्येक गोळ्याचा मानेकडचा भाग धुरकट, कुठं अर्धा, कुठं नुसता ओघळ. सगळ्या 340. बरं, ही पेस्ट कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचते, दुखायला कधीकधी काही तासांनी लागतं, आणि आम्ही साधे पातळ हातमोजे घालून बसलो होतो, वाचलो म्हणायचं. ज्याच्याकडे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या ॲसिडने भाजल्यावर लावायचं औषध) आणि नीट ट्रेनिंग नाही त्याने त्या डब्याला हात लावू नये, घरी तर नाहीच.

दुकानवाल्याने माल परत पाठवला, भरपाई मागितली. बफ मोटर विकली. भागीदार पंधरा दिवसांत बाहेर पडला, स्वतःचं सुरू केलं, आणि आमचीच गिऱ्हाईकं फिरवली. आता म्हणे तासाभरात चकाचक करून देतो. कशाने, तर हायड्रोक्लोरिकने. क्लोराईड स्टेनलेसला टोचून टोचून खातं, बारीक खड्डे पडतात. त्याच्याकडून आलेला माल मी भिंगाखाली बघितलाय, नाव घेत नाही.

ताईला मी 40 च्या 40 समोर ठेवल्या. तिने एकेक उजेडात धरली आणि या वेळी सगळ्याच बाजूला गेल्या. मला वाटलं संपलं. पुढच्या महिन्यात ती नेहमीसारखी डबा घेऊन आली.

त्यानंतर रीत बदलली. आधी नायलॉनची घासणी आणि ओली प्युमिस पावडर. मग फॉस्फोरिक ॲसिड लावून विजेवर चालणारा रंग काढायचा ब्रश, पण गोळ्यापासून थोडं अंतर ठेवून, कारण ब्रश तापतो आणि गार काच अचानक तापली की तडकते. मग भरपूर पाणी, आणि शेवटी 4 ते 10 टक्के सायट्रिक ॲसिडमध्ये खोलीच्या तापमानाला निदान 20 मिनिटं. सायट्रिकने निळा रंग जाईल असं समजू नका, ते उरलेलं मोकळं लोखंड काढतं, रंग आधीच काढावा लागतो. आणि ॲसिड नेहमी पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये नाही.

पुढची सहा वर्षं कामं येत गेली, बफ मोटर परत घेतली.

हां, त्या 40 पिना. ताईने काच मॅट करायचं तयार द्रावण आणून सगळे गोळे पूर्ण बुडवले, धुरकटपणा एकसारखा केला आणि मॅट म्हणून विकल्या. मग मला म्हणाली, अजून वीस तशाच करून दे. मी नाही म्हटलं, तो डबा मी परत उघडणार नाही. आता ती मॅट स्वतःच करते, मी फक्त मान साफ करतो.