डोकं सगळ्यात शेवटी: कयाक रोलचा सोळावा आठवडा

आधी या आठवड्याचे आकडे: किती प्रयत्नांपैकी किती वेळा रोल जमला, म्हणजे उलटलेली नाव आत बसूनच सरळ करता आली. उजवी बाजू, शांत पाणी: २० पैकी १८. डावी बाजू, शांत पाणी: २० पैकी ७. लाटांमध्ये, दोन्ही बाजू मिळून: १० पैकी ३. शेवटचा आकडा आधीच्या नोंदींत नव्हता, कारण लाटांत उलटायला मी धजावतच नव्हतो. आता उलटलो, म्हणून लिहिला.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. मी धंदेवाला माणूस. पहिला धंदा छपाईचा, तो सहा वर्षांनी बंद केला. दुसरा पंपदुरुस्तीचा, तो चालता असताना भागीदाराकडे सोपवला. सध्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. या सगळ्याच्या जोडीला अकरा वर्षं सायकलच्या शर्यती आणि गुडघ्याने नकार देईपर्यंत कडे चढणं. कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची, वरून झाकलेली अरुंद नाव, सगळ्यात उशिरा आली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. वही मात्र पहिल्यापासून एकाच पद्धतीची आहे: डाव्या पानावर धंदा, उजव्या पानावर सराव. सध्या अशी सतरावी वही चालू आहे.

रोल म्हणजे उलटलेली कयाक, आपण आत बसलेलेच असताना, पॅडलच्या (दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याच्या) आणि कमरेच्या जोरावर पुन्हा सरळ करणं. खरं तर ‘जोर’ हा शब्दच इथे चुकीचा आहे, आणि हे कळायला मला बारा आठवडे लागले.

कृती सांगायला सोपी आहे. पाण्याखाली उलटं असताना अंग पुढे दुमडायचं, पॅडल नावेला समांतर धरायचं, पुढचं पातं पृष्ठभागाजवळ आणायचं. मग ते पाण्यावरून अर्धवर्तुळात बाहेर फिरवायचं आणि त्याच वेळी पॅडलच्या बाजूच्या गुडघ्याने नाव आपल्याकडे ओढायची. नाव सरळ होऊ लागते, मागोमाग कंबर, मग छाती, मग खांदे. डोकं सगळ्यात शेवटी.

आणि इथेच सगळं फिसकटतं. छातीत श्वास संपत आलेला असतो, कानांत पाण्याचा दाब असतो, वर उजेड दिसत असतो. शरीराला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे तोंड पाण्याबाहेर. डोकं आधी वर गेलं की दुसऱ्या बाजूचा गुडघा आपोआप दाबला जातो, आणि नाव जिथून निघाली तिथेच परत जाते. शिवाय पाण्याखाली शरीराचं वजन जवळजवळ जाणवत नाही, कारण पाणीच ते तोलून धरतं. जो भाग बाहेर येतो त्याचं पूर्ण वजन लगेच परत येतं. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते आधी बाहेर काढणं म्हणजे नाव उचलण्याआधी तिच्यावर आणखी ओझं टाकणं.

मला हे सगळं पाठ होतं. मित्रांना समजावून सांगतही होतो. तरी पहिले तीन महिने दर वेळी डोकंच आधी वर यायचं.

फरक पडला तो माझ्या मुलीमुळे. ती पंधरा वर्षांची आहे. कमरेएवढ्या पाण्यात नावेच्या टोकापाशी उभी राहते, एका हाताने नाव धरते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर चित्रण करते. बाराव्या आठवड्यात तिने ते चित्रण हळू गतीने दाखवलं. “बाबा, इथे बघा. पॅडल अजून पुढेच आहे आणि तुमची हनुवटी वर आली.” मी म्हटलं, मला तर वाटलं मी डोकं खालीच ठेवलंय. ती म्हणाली, “तुम्हाला वाटतं ते राहू द्या. तुम्ही फक्त पात्याकडे बघा.”

पात्याकडे बघायचं, एवढंच. पातं मागे जाताना नजर त्याच्याबरोबर मागे जाते, मान वळते, आणि डोकं आपसूक खांद्यावर टेकलेलं राहतं. ‘डोकं खाली ठेव’ ही सूचना पाण्याखाली पाळता येत नाही. ‘पात्याकडे बघ’ ही पाळता येते. त्या संध्याकाळी उजव्या बाजूने सलग सहा रोल झाले. सहाव्यानंतर मी नावेत नुसता बसून राहिलो. पॅडलवरून पाणी ठिबकत होतं, हात थरथरत होते. शर्यत जिंकल्यावरही मला इतकं हलकं वाटलेलं नव्हतं.

डाव्या बाजूची अडचण वेगळी आहे. तिथे डोकं ठीक आहे, पण पातं खोल जातं. मनगट किंचित जास्त वळतं, पात्याची पुढची कड खाली झुकते आणि पॅडल पृष्ठभागावर सरकण्याऐवजी तळाकडे निघतं. जितकं ओढावं तितकं आणखी खोल. यावर सध्या एकच उपाय चालू आहे: पॅडलशिवाय, पाण्यावर तरंगणाऱ्या फोमच्या पट्टीवर हात ठेवून फक्त कमरेचा झटका, रोज पन्नास वेळा. कंटाळवाणं आहे, पण लागू पडतंय. दोन आठवड्यांपूर्वी हा आकडा ७ नव्हे, २ होता.

ही विद्या आर्क्टिकमधल्या लोकांची. ग्रीनलँडच्या इनुइट शिकाऱ्यांना बर्फाळ पाण्यात नावेबाहेर पडणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी रोलचे कितीतरी प्रकार घडवले: पॅडलने, भाला फेकायच्या फळीने, नुसत्या हातानेही. युरोपातला पहिला रोल ऑस्ट्रियाच्या एदी हान्स पावलाटाच्या नावावर आहे, १९२७ सालचा. पॅडलचं टोक धरून करायच्या पद्धतीला अजूनही पावलाटा रोल म्हणतात. डावी बाजू सुरू करताना मी तोच वापरला. आता रोल शर्यतीतही आला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कयाक क्रॉस पहिल्यांदा होतं. चौघे एकदम उतारावरून पाण्यात पडतात, एकमेकांना धडकत फाटकं पार करतात आणि ठरावीक टप्प्यात प्रत्येकाला पूर्ण रोल मारावाच लागतो. मी ती शर्यत अनेकदा पाहिली. त्यांची हनुवटी पाहा. खांद्यावरून हलत नाही.

आता नवव्या आठवड्याबद्दल, जे तेव्हा लिहिलं नव्हतं. वारा होता, लाटा गुडघाभर. मी आणि माझा नेहमीचा सोबती किनाऱ्यापासून बरंच आत होतो. बाजूने लाट आली आणि मी उलटलो. पहिला रोल फसला, दुसरा फसला, तिसऱ्याला तर पॅडल नीट लावलंही नव्हतं. मग बाहेर पडायचं ठरवलं आणि स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बसून नावेचं तोंड झाकणाऱ्या आवरणाची) ओढायची पट्टी सापडेना. निघताना घाईत ती आत दुमडली गेली होती. तिला बोटांनी चाचपडत शोधलं ती तीन-चार सेकंदं मला आजही सगळीच्या सगळी आठवतात: कॉकपिटची, म्हणजे बसायच्या खोबणीची, गार कड, नखाला लागलेली शिवण, शेवटी अंगठ्याखाली आलेली पट्टी. सोबत्याने माझ्या नावेचं टोक स्वतःच्या नावेवर ओढून घेतलं, पाणी ओतून काढलं आणि मला पुन्हा बसवलं. किनाऱ्याला लागेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. उतरल्यावर म्हणाला, “पट्टी बाहेर आहे ना, हे यापुढे निघण्याआधी मी बघणार. तू माझी बघायची.” तेव्हापासून तसंच करतो. दोघांनी एकमेकांची पट्टी ओढून पाहिल्याशिवाय नाव पाण्यात जात नाही.

त्या रात्री वहीचं डावं पान उघडलं आणि छपाईच्या धंद्याची शेवटची दोन वर्षं वाचत बसलो. दर महिनाअखेरीला श्वास घ्यायला वर यायचो: कोणाकडून उसने, पुढच्या कामाची उचल, मशिनवर कर्ज. प्रत्येक वेळी तोंड पाण्याबाहेर यायचं आणि धंदा आणखी उलटा व्हायचा. मशीन विकून, पसारा अर्धा करून, मोजकीच गिऱ्हाइकं ठेवली असती तर कदाचित तो सरळ झाला असता. त्यासाठी एक वर्ष घरात पैसा न आणता काढावं लागलं असतं. माझ्याने ते धरवलं नाही. पंपांच्या वेळी धरवलं.

धंदा, शर्यत आणि रानवाटा हे तिन्ही एकाच आयुष्यात बसवणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून ओढ आहे. त्यात डग टॉम्पकिन्स सगळ्यात जवळचा. तरुणपणी स्कीच्या शर्यती, साठच्या दशकात ‘द नॉर्थ फेस’ या गिर्यारोहणाच्या साहित्याच्या कंपनीची सुरुवात, पुढे पत्नीबरोबर ‘एस्प्री’ हा कपड्यांचा मोठा व्यवसाय. १९६८ मध्ये मित्रांबरोबर गाडीने थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियापर्यंत जाऊन फिट्झ रॉय शिखरावर नवी वाट काढली. नंतर धंद्यातून बाहेर पडून चिली आणि अर्जेंटिनात जमीन घेत गेला, तिथे राष्ट्रीय उद्यानं उभी राहावीत म्हणून. आणि ८ डिसेंबर २०१५ ला, वयाच्या ७२ व्या वर्षी, चिलीतल्या हेनेराल कारेरा सरोवरात वादळी लाटांनी त्याची कयाक उलटली आणि गारठ्याने तो गेला. बरोबर गिर्यारोहक इव्हॉन शुइनार्डसारखे आयुष्यभराचे सोबती होते. त्याच्यापुढे माझा अनुभव काहीच नाही, म्हणूनच ही गोष्ट मी हलक्यात घेऊ शकत नाही.

दुसरा जिनो वॉटकिन्स. १९३०–३१ च्या ग्रीनलँड मोहिमेचा तरुण म्होरक्या. तिथल्या लोकांकडून तो रोल शिकला, आणि उत्तम शिकला. १९३२ मध्ये एकटा शिकारीला गेला. कयाक सापडली, तो सापडला नाही.

ही दोन नावं मी वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवली आहेत, कारण रोल जमू लागला की एक भ्रम चढतो. मला चढला होता. चौदाव्या आठवड्यात वाटलं, आता एकटं जायला काय हरकत आहे. त्यानंतर थंड पाण्याचा सराव केला आणि तो भ्रम उतरला. पाणी १४ अंश होतं. किनाऱ्यालगत, सोबत्याच्या हाताच्या अंतरावर मुद्दाम बाहेर पडलो. पाण्यात पडताक्षणी छातीने जो श्वास ओढला तो माझ्या ताब्यात नव्हता. तोंड पाण्याखाली असतं तर पाणीच आत गेलं असतं. थंड पाण्याचा एक-दहा-एक हा आडाखा आपल्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावा: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहायला दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. यातली दहा मिनिटं मी स्वतः तपासली. आठव्या मिनिटाला लाइफ जॅकेटचं बकल लावायला दोन्ही हात लागले आणि तरी ते दोनदा निसटलं. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा जवळपास पंचवीसपट वेगाने ओढतं, हे वाचलेलं होतं. बोटांना आता कळलं.

बारीकसारीक दोन गोष्टी. नोज क्लिप वापरा. ती नसली तर नाकाच्या पोकळ्यांत पाणी साठून राहतं आणि तासाभराने, खाली वाकलात की, एकदम बाहेर येतं. आणि मांडीला टेकणारे ब्रेस फोम लावून घट्ट करून घ्या. गुडघा नावेत सैल असेल तर झटका नुसता हवेत जातो. माझे पहिले तीन आठवडे यातच वाया गेले.

पुढचे दोन आठवडे: डावी बाजू २० पैकी १२ पर्यंत न्यायची. लाटांत रोज दहा प्रयत्न, सोबती असेल तेव्हाच. आणि फसलेल्या रोलनंतर लगेच बाहेर न पडता पुन्हा पुढे दुमडून सेट-अप, म्हणजे पॅडल लावून रोलच्या तयारीची स्थिती, घेणं, कारण नवव्या आठवड्यात माझा तिसरा प्रयत्न तिथेच गेला होता.

मुलीलाही आता नावेत बसायचं आहे. रोल नंतर, रविवारी फक्त उलटायचं, पट्टी शोधायची, ओढायची, बाहेर यायचं. दहा वेळा. टोकापाशी पाण्यात मी उभा राहणार आहे.