खुंट म्हणजे पात्रोन

मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला. डिंक्यानं, म्हणजे खोडातून डिंक गळायच्या रोगानं, यंदा चाळीस झाडं गेली, ती खोदून काढली, आता नवीन कलमा लावायच्या. "तू तं संत्र्याच्याच मुलखात राह्यतं ना बावा, तिकडचे कास्तकार खुंट कोनता वापरतेत ते इचारजो बरं." एवढंच काम. वरूड-मोर्शीकडच्या माणसाला खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड, काय असतो ते सांगायला नको, जंबेरी का रंगपूर यावरून आपल्याकडं पारावर भांडणं होतात.

मी राहतो स्पेनमधल्या वॅलेन्सियाजवळच्या एका गावात, घरामागं बागच आहे. बागवाले आजोबा सत्तरीपुढचे. इथं सगळेच एकमेकांना सर्रास अरेतुरे करतात पण मला त्यांना 'उस्तेद', म्हणजे 'तुम्ही', म्हटल्याशिवाय होत नाही, आपल्याकडं वडीलधाऱ्यांशी असंच बोलतात. तर मी काय केलं, कृषीच्या पुस्तकात शिकलो होतो स्टॉक आणि सायन, म्हणजे खुंट आणि त्यावर लावायची फांदी, तोच 'स्टॉक' मोबाईलमधे टाकला, त्यानं दिलं 'एक्सिस्तेन्थियास', आणि मी जाऊन तेच विचारलं. आजोबा मला गोदामात घेऊन गेले, खताची पोती दाखवली, म्हणाले किती पाहिजे. कारण एक्सिस्तेन्थियास म्हणजे शिल्लक माल. मला फार लागलं ते. बाबा तिकडं वाट पाहताहेत, आणि चुकीचा खुंट सांगितला तर वीस वर्षं ती झाडं वावरात उभी राहणार, हे काय हॉटेलातलं चुकीचं जेवण आहे का परत पाठवायला.

त्या रात्री डिक्शनरी घेऊन बसलो. एका स्टॉकला स्पॅनिशमधे किती घरं! दुकानातला माल एक्सिस्तेन्थियास, कंपनीचे शेअर आक्थिओनेस, गुरंढोरं गानादो, हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी काल्दो, आणि सगळ्यात खाली, शेतीची खूण लावलेला, पात्रोन. आता पात्रोन म्हणजे मालकपण होतो, गावाचा रक्षक संतपण, शिवणकामातला नमुनापण. मग खात्री कशी करायची? उलटं जायचं. स्पॅनिश शब्द धरून त्याचे सगळे अर्थ वाचायचे, मग त्याच्या शेजारी लिंबूवर्गीय झाडांचा शब्द टाकून शोधायचं आणि वापरणारे लोक कोण आहेत ते बघायचं. पात्रोन आणि 'थीत्रिकोस' एकत्र टाकलं तर सगळी रोपवाटिकांचीच माहिती आली. 'पोर्ताइन्खेर्तो' असाही एक शब्द सापडला, सरळ अर्थ कलम वाहून नेणारा, त्यात गोंधळ व्हायला जागाच नाही.

अजून एक गोष्ट लक्षात आली तेव्हापासून मी इंग्रजी मधे आणणंच सोडलं. इंग्रजीत 'बड' एकच. स्पॅनिशमधे कलमासाठी भरायचा तो 'येमा' आणि फुलायचा तो 'कापुयो'. आपल्याकडं? डोळा आणि कळी. अगदी तसंच! माझ्या आजीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं पण हा फरक तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. कॉलेजमधे आमच्या गावठी शब्दांना लोक हसायचे, आज तेच शब्द मला परदेशात नेमक्या जागी पोचवतात.

दुसऱ्या रविवारी 'पात्रोन' म्हटलं आणि आजोबांचा चेहराच बदलला. दोन तास बोलले. पूर्वी इथं सगळं नारान्खो आमार्गोवर होतं, म्हणजे कडू संत्र्याच्या खुंटावर. 1957 मधे रोग आला, त्यापायी लाखो झाडं गेली आणि हळूहळू बागा कॅरिझो खुंटावर आल्या, कारण तो हा रोग सहन करतो. रोगाचं नाव 'त्रिस्तेथा'. मी थांबलोच. ट्रिस्टेझा! कृषी अधिकारी आपल्या गावच्या मेळाव्यात हे नाव घ्यायचे, आणि त्याचा अर्थ नुसता 'दुःख' आहे हे मला इथं येऊन कळलं. झाड वाळत जातं म्हणून दुःख. बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

गावात लोक म्हणतात पोरगं बाग सोडून गेलं. सोडली नाही मी. पगारातून ड्रीपची नळी गेली आहे, आणि ही माहितीपण मीच पाठवतो आहे ना. आणि इकडचं सगळंच भारी असंही नाही, यांची मान्दारीना दिसायला देखणी, बिया नाहीत, पण आपल्या आंबिया बहाराच्या संत्र्याचा वास तिला नाही.

बाबांनी लगेच पुढचं विचारलं, "त्याची जमीन कशी हाय? आपल्या वावरात चुनखडी हाय." बरोबर आहे त्यांचं, कॅरिझोला चुना सोसत नाही, लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. म्हणजे इथला खुंट तिथं आंधळेपणानं लावून चालणार नाही. या रविवारी तेच विचारायचंय. इंग्रजीत गेलो असतो तर 'लाइम' टाकून बसलो असतो आणि मोबाईलनं लिंबू दिलं असतं, 'लीमा'. चुना म्हणजे 'काल', चुनखडी 'कालीथा'. कागदावर लिहून खिशात ठेवलंय.