एकादशी, टर्की आणि 40 पौंड रताळी

परवा शेजारच्या आजींचा मेसेज आला, या वर्षीपण रताळी तुझ्याकडेच हं. म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेतला आभार मानायचा सण) जेवणाला स्वीट पोटॅटो कॅसरोल, म्हणजे रताळ्याचा गर ओव्हनमध्ये भाजून करतात तो गोड पदार्थ, मी करायचं. तसे आम्ही त्यांच्याकडे दरवर्षी जातो, पण पहिली पाच वर्षं आमच्याकडे फक्त "येताना बर्फ आणा" एवढंच काम होतं, मग पेपर प्लेट्स, मग एकदा सॅलड, आणि 2023 ला एकदम कॅसरोल. इकडे अमेरिकेच्या दक्षिणेत कॅसरोल ज्याच्या हातात देतात तो घरचा झाला असं समजायचं, आपल्याकडे नव्या सुनेला पुरणाला कधी हात लावू देतात तसंच. तर त्या पहिल्या वर्षीची गोष्ट लिहून ठेवायची राहिलीच होती, ती आज लिहितोय.

आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीजवळ कॅरीमध्ये. अमेरिकेत सगळ्यात जास्त रताळी या राज्यात पिकतात, इतकी की 1995 पासून रताळं ही राज्याची अधिकृत भाजी आहे (विल्सन गावच्या शाळेतल्या चौथीच्या पोरांनी मागणी लावून धरली होती म्हणे, मला हे फार आवडतं). ऑक्टोबर-नोव्हेंबरात फार्मर्स मार्केटला गेलं की खोकीच्या खोकी लावलेली असतात, एक खोकं 40 पौंडाचं, म्हणजे साधारण 18 किलो. मी त्या वर्षी उत्साहाच्या भरात अख्खं खोकं उचलून आणलं. बायकोने गॅरेजमध्ये ते बघितलं आणि काही बोलली नाही, तिचं न बोलणं जास्त लागतं.

आई तेव्हा इथे होती, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली. तिने एक रताळं हातात घेतलं, सोललं, आतून ते भडक केशरी. "अरे हे रताळं कुठलं, हे गाजर नाहीतर भोपळा." आपलं रताळं वरून लाल आतून पांढरं, शिजलं की पिठूळ, घास अडकेल असं. इथलं हे कव्हिंग्टन जातीचं, इथल्याच विद्यापीठाने 2005 मध्ये काढलेलं, आतून ओलसर आणि मऊ. आपल्यासारखं हवं असेल तर जपानी रताळं म्हणून मिळतं, जांभळट सालीचं, ते पुष्कळ जवळ जातं. मी आईला ते आणून देतो म्हणून इंडियन ग्रोसरीत गेलो तर तिथे फ्रीजरमध्ये "रतालू" लिहिलेलं पाकीट, मी खूश होऊन आणलं, घरी उघडलं तर आत जांभळे तुकडे! गुजरातीत रतालू म्हणजे आपलं कोनफळ, आणि आपल्या रताळ्याला ते शक्करिया म्हणतात. आईने पाकीट बघून "उंधियो करायचाय का तुला" एवढंच विचारलं.

आणि गंमत म्हणजे अगदी हाच घोळ अमेरिकन लोकांनीपण घालून ठेवलाय. दुकानात रताळ्याच्या डब्यावर चक्क "याम" लिहिलेलं असतं. खरा याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या बिरादरीतला, रताळ्याशी काही नातं नाही. पण 1930 च्या दशकात लुइझियानाच्या लोकांना आपलं केशरी ओलसर रताळं बाकीच्यांच्या फिक्या रताळ्यापेक्षा वेगळं म्हणून विकायचं होतं, त्यांनी आफ्रिकेतून आलेला हा शब्द उचलला आणि तो जो चिकटला तो चिकटलाच. म्हणजे नवसारीत आणि न्यू ऑर्लिन्समध्ये एकच गोंधळ.

असो. तर खरी अडचण पुढे आली. आई भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभी राहून म्हणाली, "तुमचं ते जेवण 23 तारखेला ना? त्या दिवशी कार्तिकी आहे."

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार असतो आणि त्या वर्षी तो बरोब्बर कार्तिकी एकादशीवर पडला होता. सगळं वर्ष मोकळं सोडून. इकडे टर्की, तिकडे विठोबा. आईने लगेच "तुम्ही जा, मी घरी थांबते, मला काय फळं खाऊन होतंय" सुरू केलं, हे वाक्य आपल्या आया कुठल्या शाळेत शिकून येतात कळत नाही. मी म्हटलं अगं मुख्य पदार्थच रताळ्याचा आहे आणि तो माझ्याकडे आहे, उपासाचं वेगळं करू की तुझ्यासाठी.

बोलून गेलो आणि मग आजींनी दिलेलं रेसिपी कार्ड नीट वाचलं. तीन कप रताळ्याचा गर, एक कप साखर, दोन अंडी, अर्धा कप दूध, बटर, व्हॅनिला. वरचा थर: एक कप ब्राउन शुगर, एक तृतीयांश कप मैदा, तेवढंच बटर, एक कप पिकान (इथला एक सुकामेवा). 350 डिग्री फॅरनहाइटवर अर्धा तास. अंडं गेलं, मैदा गेला. व्हॅनिला तरी चालेल म्हणून बाटली बघितली तर त्यात 35 टक्के अल्कोहोल, इथे तसा नियमच आहे, म्हणजे एकादशीला मी आईला... तीपण गेली. साखर मात्र उपासाला चालते, पण एका कपाला आईने "शिरा करायचाय का" म्हणून उडवून लावली.

मार्शमेलो (साखरेच्या मऊ, फुगीर गोळ्या) कार्डावर नव्हतेच, आजींच्या घरात ते टाकणं म्हणजे उत्तरेकडचं फॅड समजतात, पण आमच्या लेकीला तेच हवे होते, तिच्या वर्गात सगळ्यांकडे घालतात. हे मार्शमेलो प्रकरण काही परंपरा वगैरे नाही बरं का. 1917 साली एका मार्शमेलोच्या कंपनीने जॅनेट मॅकेन्झी हिल नावाच्या बाईंकडून रेसिप्यांची पुस्तिका करून घेतली, माल खपावा म्हणून, त्यात हे रताळ्यावरचे मार्शमेलो होते. जाहिरातीतून आलेलं आणि आता शंभर वर्षांत सणाचं होऊन बसलेलं. आत जिलेटिन असतं, बहुतेक वेळा डुकराच्या कातडीचं, हे मी आईला सांगितलं नाही आणि लेकीलाही नाही. एका कोपऱ्यात सहा लावायची परवानगी दिली, तीपण फक्त मोठ्या ट्रेवर.

मग पिकानवर चर्चा बसली. उपासाला चालतो का? अक्रोडाचा भाऊ आहे म्हटलं. आई म्हणाली अक्रोड चालतो पण हा कुठला म्हणायचा, आपल्याकडे कुणी बघितलाय. तेव्हा मला एकदम सुचलं, म्हटलं आई, तुझ्या उपासाच्या ताटात बघ ना काय काय असतं. रताळं अमेरिका खंडातलं, बटाटा तिकडचाच, शेंगदाणा तिकडचा, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो तिकडचा, मिरची तिकडची, राजगिरासुद्धा मूळ मेक्सिकोकडचा. पोर्तुगीज आले नसते तर एकादशीला काय खाल्लं असतं लोकांनी? हा बिचारा पिकान फक्त जहाजात बसायचा राहिला. आईने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे रताळं माहेरीच आलंय म्हण की." पिकान पास झाला.

आता करायची गोष्ट. एक सांगतो, रताळी उकडू नका. मी आधी कुकरला लावून बघितली, तीन शिट्ट्या, ती केशरी रताळी म्हणजे पातळ लगदा झाली, चव पाणचट. मायक्रोवेव्ह तर नकोच. रताळ्यात एक एन्झाइम असतं जे पिष्टाची साखर करतं आणि ते काम करतं साधारण 60 ते 75 डिग्री सेल्सियसच्या मध्ये, त्यामुळे रताळं त्या टप्प्यातून जितकं हळू जाईल तितकं गोड होतं, मायक्रोवेव्हमध्ये ते तिथून पळत सुटतं. मी मग सालासकट, धुऊन, टोचे मारून, थंड ओव्हनमध्येच ठेवली आणि मग 350 ला चालू केला, सव्वा तास. बाहेर काढली तर सालीतून काळा चिकट पाक गळून ट्रेला लागलेला, तो वास घरभर. आई किचनमध्ये आली आणि म्हणाली हा तर चुलीचा वास. त्यांच्याकडे रात्रीचा स्वयंपाक झाला की आरात रताळी पुरून ठेवायचे आणि सकाळी काढायचे म्हणे. मी एन्झाइमचं सगळं तिला समजावून सांगितलं, तिने ऐकून घेतलं.

मोठा ट्रे कार्डाप्रमाणे झाला, साखर निम्मी टाकली, कुणाला कळलं नाही. आईच्या छोट्या भांड्याला दोन वाट्या गर, पाव वाटीला थोडा कमी चिरलेला गूळ, दोन चमचे तूप, वेलची, जायफळ, आणि आईने मधेच येऊन मूठभर ओलं खोबरं टाकलं. वरच्या थराला राजगिऱ्याचं पीठ. पहिल्यांदा कच्चंच टाकलं होतं तर भाजल्यावरसुद्धा तोंडात मातकट लागत होतं, आणि गूळ वितळून खाली उतरला. दुसऱ्यांदा पीठ तुपावर खमंग भाजून घेतलं, गार झाल्यावर गुळाची पावडर आणि तुकडे केलेले पिकान मिसळले, आणि शेवटची पंधरा मिनिटं राहिली तेव्हा वर पसरलं. हे जमलं. कडेला थोडी चिक्की झाली, ती काढून खाण्यावरून लेकीत आणि माझ्यात भांडण.

आजींकडे ओव्हनमध्ये टर्की असणार, त्यात आईचं भांडं गरम करायला ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून ते टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवून नेलं, थंड ठेवायची पेटी गरमपण ठेवते, दोन तास आरामात. सोबत आईचं स्टीलचं ताट, वाटी, चमचा.

टेबलावर नेहमीची चर्चा झाली, कॅसरोल हे जेवणात वाढायचं की नंतर गोड म्हणून. दरवर्षी होते, आजींचा जावई शिकागोकडचा, तो म्हणतो ही सरळ मिठाई आहे, टर्कीशेजारी कशी खाता. मी आईला हे भाषांतर करून सांगितलं. तिला प्रश्नच कळला नाही. "गोड ताटातच असतं ना? शिकरण काय जेवण झाल्यावर खातात का?" हे मी उलटं इंग्रजीत सांगितलं, म्हणजे प्रयत्न केला, केळ्याचे काप करून दुधात घालून साखर घालून मग पोळीबरोबर, सगळे नम्रपणे ऐकत होते.

जेवायच्या आधी सगळ्यांनी हात धरून एकेक गोष्ट सांगायची असते, कशाबद्दल आभार मानायचे ते. आईची पाळी आली तर ती म्हणाली पांडुरंगाने ठेवलंय तसं बरं चाललंय. आजोबांनी पांडुरंग कोण विचारलं. मी म्हटलं आज त्याचा मोठा दिवस आहे, लाखो लोक चालत जातात. ते म्हणाले हॅपी हॉलिडे टु हिम.

आता उरलेली रताळी. 40 पौंडातली दहा-बारा पौंड कॅसरोलात गेली असतील. (फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने मधला भाग कडक राहतो, कितीही शिजवा. गॅरेजच्या कोपऱ्यात अंधारात छान राहतात.) भाजून कुस्करलेला गरपण दोन डबे उरला होता. दुसऱ्या दिवशी द्वादशी, आईचं पारणं, ती सकाळी सातलाच उठून बसली, त्या गरात गूळ, किंचित मीठ, वेलची, कणीक, मोहन घालून मळलं आणि घारगे थापले. भोपळ्याचे करतो तसेच. बाहेर सगळा देश ब्लॅक फ्रायडेच्या सेलच्या रांगेत आणि आम्ही पायजम्यात घारगे आणि लोणी.

आजींचा एक डबा आमच्याकडे आला होता, क्रॅनबेरी सॉस भरून दिलेला. रिकामं भांडं परत करायचं नसतं, म्हणून आईने त्यात आठ घारगे भरले आणि आम्ही दोघं देऊन आलो. अर्ध्या तासात आजी परत दारात, हातात कोरं रेसिपी कार्ड आणि पेन. चष्मा लावून किचनच्या टेबलाशी बसल्या. गर किती कप? आई म्हणाली होता तेवढा. गूळ? गोडीप्रमाणे. आणि पीठ किती? आई म्हणाली, "मावेल तेवढं."

मी दोन-तीनदा वेगवेगळ्या शब्दांत भाषांतर केलं. आजींनी थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं, मग लिहिलं. ते कार्ड अजून त्यांच्या फ्रीजवर आहे, साहित्याच्या यादीत कणकेपुढे इंग्रजीत लिहिलंय, "त्याला विचारा, पुरे म्हणेपर्यंत."